न भुंकणाऱ्या कुत्र्याबरोबर मढपर्यंत

जुन्नरला जाऊन आलेली माणसं किल्ल्याबद्दल, लेण्यांबद्दल आणि द्राक्षांबद्दल बोलतात. मी यांतलं काहीच नीट पाहिलं नाही. पौषातले तीन दिवस मी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गाडीच्या मागच्या सीटवर एक कुत्रा घेऊन फिरले. तो गळ्यातल्या भोकातून श्वास घ्यायचा आणि त्याला भुंकता येत नव्हतं.

हे भोक माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीनं, सुलभानं पाडलेलं. ती पुण्यात जनावरांची सर्जन आहे. तीन महिन्यांपूर्वी मढच्या अलीकडच्या एका वस्तीवरून सिद्धार्थ नावाचा वेल्डर दुधाच्या टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळलेला हा कुत्रा घेऊन तिच्याकडे आला. बिबट्यानं मान धरली होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता म्हणून बिबट्यानं सोडलं, पण श्वासनलिकेचा वरचा भाग चिरडला गेला होता. दोन ऑपरेशनं, महिनाभर चोवीस तास देखरेख. खर्चाचा अंदाज ऐकून सिद्धार्थ दवाखान्याच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. शेवटी सुलभाच्या दवाखान्यात येणाऱ्या मांजरवाल्या-कुत्रेवाल्यांनी मिळून ते ओझं उचललं. माणसाच्या आजारपणात पत्ता न लागणारे लोक कुत्र्यासाठी रांगेत उभे राहतात, हे मी त्या महिन्यात पाहिलं. त्यात माझंही नाव आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

कुत्रा वाचला, पण अटींवर. भोक दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं पुसायचं. धूळ नको, धूर नको, अंघोळ नको. आणि गळ्यात पुन्हा कधीही काही बांधायचं नाही. वस्तीवर कुत्रा म्हणजे साखळी. त्यामुळे त्याच्यासाठी दुसरं घर शोधणं आलं. ते आंबेगाव तालुक्यातल्या पेठला मिळालं. मूळ मालकानं हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची तेवढी राहिली होती. सिद्धार्थ फोनवर म्हणाला, "सही करतो ताई. पर आधी एकदा घरी आणा त्याला. आईला दाखवायचाय."

सुलभाला दवाखाना सोडता येत नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, गाडी असलेली आणि नाही म्हणायला न शिकलेली. निघताना तिनं एवढंच सांगितलं, "भोकातून शीळ आली तर तो घाबरलाय असं समज. शीळ वाजत असताना मधेच थांबली, तर मात्र बघ."

पेठ

पेठच्या कांतीशेठचं किराणा आणि पशुखाद्याचं दुकान रस्त्यालगत आहे. कुत्रा घेणार होते ते हेच, आणि वाटेवरच असल्यानं आधी तिथं थांबलो. आजोबा राजस्थानातून आले. नातू मराठी अशी बोलतो की माझंच पुणेरी मराठी तिथं परकं वाटावं. आम्ही उतरलो तेव्हा ते दुकानासमोर उभे राहून हमालाला ओरडत होते, "अरे पलीकडं न्या म्हणलं ना! मिरची मागच्या खोलीत, पेंड त्याच्या मागं!"

मला वाटलं माल आलाय. तसं नव्हतं. सुलभानं धुळीचं सांगितल्यापासून त्यांनी मिरचीपूड, पीठ, सरकी पेंड असं सगळं दर्शनी भागातून हलवलं होतं. गल्ल्याशेजारी, मोठ्या वजनकाट्याला लागून, धुतलेलं पोतं अंथरलं होतं.

"आमच्याकडं कांदा-लसूण पण नसतो बरं का ताई," ते जरा अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "चालंल ना त्याला?"

मी सुलभाला फोन लावला. कांदा-लसूण कुत्र्यांना विषासारखाच, त्यामुळे कुत्र्यासाठी याहून चांगलं स्वयंपाकघर महाराष्ट्रात सापडणार नाही, असं ती म्हणाली. कांतीशेठनी हे घरात सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. घराण्याच्या आचारधर्माला शास्त्राचा आधार मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर टिकलं असावं.

कुत्र्यानं पोतं हुंगलं, वजनकाटा हुंगला आणि बसला. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. समोरच्या हॉटेलाच्या दारात चार गावठी कुत्री पडलेली होती. परका कुत्रा आपल्या हद्दीत उतरला की त्यांनी काय करायचं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ती चारही उठली, उभी राहिली, बघत राहिली. एकही भुंकलं नाही. मग एकामागून एक ती हॉटेलाच्या मागे निघून गेली.

उत्तर न देणाऱ्यावर भुंकण्यात कुत्र्यांना राम वाटत नसावा, असं मी स्वतःला समजावलं. हे स्पष्टीकरण मला मंचरपर्यंत पुरलं.

जुन्नर

जुन्नरात सत्कार होता. मोतीचा, म्हणजे कुत्र्याचा. तिथल्या एका मंडळाला बातमी कुठून कळली कोण जाणे, पण आम्ही मढला जाताना वाटेत थांबावं असा त्यांचा आग्रह होता. चौकात फ्लेक्स लागला होता: 'झुंजार मोती यांचा भव्य नागरी सत्कार'. त्यावर सोनेरी केसांच्या विलायती कुत्र्याचा फोटो होता, कारण आमच्या काळ्या-तांबड्या गावठी मोतीचा फोटो कुणाकडे नव्हता. त्याच्या चौपट आकारात प्रमुख पाहुणे हसत होते.

पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर मी एका खानावळीत मासवडी खाऊन घेतली. तिखट रस्सा, बाजरीची भाकरी, आणि नाव मासवडी असलं तरी आत तीळ, खोबरं, लसूण. पुण्यात हीच वस्तू सणासुदीच्या नाजूकपणानं वाढतात; इथं कामावरून आलेल्या माणसाला वाढावी तशी वाढतात आणि ती लागतेही तशीच.

मग भाषण. बिबट्या हा आपला शत्रू नाही, कुत्रा हा आपला मित्र आहे आणि प्रमुख पाहुणे हे या दोघांचेही पाठीराखे आहेत, असा त्याचा सारांश. त्यानंतर, मला कळायच्या आत, कुणीतरी मोतीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

आधी शीळ आली. बारीक, लांब, केटली तापायला लागते तशी. आणि मग ती थांबली.

झेंडूची एक पाकळी आत ओढली जाऊन भोकावर चिकटली होती. मोतीनं धडपड केली नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, पाय ताठ केले. मी मंचावर गुडघ्यांवर बसून नखानं ती पाकळी ओढून काढली. हवा आत जाताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. वर ध्वनिक्षेपकातून निवेदक सांगत होता, "मोती भारावून गेला आहे!"

टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ मला मिळालं.

गाडीकडे जाताना बाजारपेठेतून चालावं लागलं. जुन्नरच्या बाजारात कुत्री भरपूर. ध्वनिक्षेपक बंद झाला आणि मला एकदम ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. दुकानांच्या पायऱ्यांवर, हातगाड्यांखाली कुत्री उभी होती, वाट मोकळी करून. आमच्या पुढे वाट होत होती आणि मागे मिटत होती.

"त्याच्या अंगाला वास हाय अजून," चहाच्या गाडीवरचा माणूस कप विसळत म्हणाला.

"कसला? तीन महिने झाले. औषधाच्या पाण्यानं पुसून काढलंय त्याला."

"तुमाला नाय येणार, ताई. त्यानला येतो."

मढच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. लेण्याद्रीचा डोंगर डावी-उजवीकडे कुठेतरी असणार, पण त्या दिवशी तो नव्हता. गणेशखिंड ओलांडून उतरलो तेव्हा खाली धरणाचं पाणी आणि धुकं यांतला फरक कळत नव्हता. पाण्याकाठी ऊस. तोडणी सुरू होती. अर्धी रानं मोकळी झाली होती, अर्धी उभी. रस्त्याकडेला वनखात्याची पाटी: या भागात बिबट्याचा वावर आहे, एकट्यानं फिरू नये, शेतात वाकून किंवा बसून काम करताना सावध राहावं. उभ्या माणसाला बिबट्या भितो, बसलेल्या माणसाला तो चार पायांचा समजतो. पाटीवर एवढं लिहिलेलं नव्हतं. हे मला सिद्धार्थनं सांगितलं.

त्याचं वेल्डिंगचं दुकान वस्तीच्या तोंडाशी आहे. आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली पत्र्याच्या खोक्यात पट्टे. जुन्या टायरचे, चामड्याचे, त्यातून बाहेर आलेले तीन-तीन इंची खिळे. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरचे शेतकरी कुत्र्यांसाठी त्याच्याकडून पट्टे नेतात.

मी एक पट्टा उचलून उलटा केला. खिळे आतून बाहेर ठोकलेले असतात, त्यामुळे त्यांची डोकी आत येतात. सपाट, गोल, सारख्या अंतरावर. कालपासून मी सकाळ-संध्याकाळ मोतीचा गळा पुसत होते. भोकाच्या दोन्ही बाजूंना, बरोबर असेच, सारख्या अंतरावरचे गोल व्रण होते. दातांचे नव्हते.

सिद्धार्थ माझ्याकडे बघत होता.

"डॉक्टरीणबाई बोलल्या न्हाईत," तो म्हणाला, "पर मला तिथंच कळलं व्हतं. दीड इंचावर एक खिळा. माप माझंच हाय."

बिबट्यानं जबडा दाबला, खिळे त्याच्या तोंडात गेले आणि डोकी मोतीच्या गळ्यात. पट्ट्यानं जीव वाचवला होता आणि आवाज घेतला होता. आता सिद्धार्थ खिळ्यांच्या डोक्यांवर आतून चामड्याचा दुसरा पदर शिवतो. जुने पट्टे घरोघर जाऊन परत आणतोय. "लोक म्हनत्यात, सिद्धार्थभाऊ, चाललंय की चांगलं! त्यास्नी काय सांगू?"

त्याचं घर दुकानापासून शेताच्या कडेनं पाच मिनिटांवर. अंगणात लोखंडी खुंटी, खुंटीला साखळी, साखळीला पांढरा कुत्रा. समोर पोचे आलेली अॅल्युमिनिअमची थाळी.

"मोती!" सिद्धार्थनं हाक मारली.

दोन्ही कुत्र्यांनी माना वळवल्या.

पारूबाई, त्याची आई, ओसरीवर पाय पसरून हरभरा सोलत होती. सत्तरीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिनं माझ्या मोतीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा घाटे सोलायला लागली.

"आई, मोती आलाय बघ."

"मोती त्यो काय बांधलाय," ती साखळीकडे हनुवटी करून म्हणाली. "ह्यो कोण?"

हे मला समजायला वेळ लागला. इथल्या घरी कुत्रा असतो तो राखणीला. संध्याकाळी बाहेर बांधायचा. भुंकला की माणसांना कळतं, 'तो' आलाय. कधीतरी सकाळी साखळी रिकामी असते. मग दुसरं पिल्लू आणतात, तीच साखळी, तीच थाळी, तेच नाव.

"हा कितवा मोती?" मी विचारलं.

"मोजत नाय आमी," पारूबाई म्हणाली. "नाव बदललं की जीव गुतायला लागतो, बाई."

"पण हा तर परत आलाय."

"आजवर कुणी आलं न्हाई माघारी. आन् आला म्हणताय, तर भुंकवून दावा."

मोती तिच्यापासून चार हातांवर जाऊन बसला. तिनं पाय आखडून घेतले.

दुपारी तिनं मला पिठलं-भाकरी वाढली, ठेचा वाढला, मी पुण्यात किती खोल्यांत एकटी राहते ते विचारून घेतलं आणि ऐकून म्हणाली, "तुमचंबी अवघडच हाय." मोतीला मात्र भाकर घातली ती लांबून, टाकल्यासारखी. पांढऱ्याची थाळी तिनं त्याला लावू दिली नाही.

साडेपाचच्या सुमारास ऊन पिवळं झालं. सिद्धार्थ आणि मी ओसरीवर कागद काढून बसलो होतो. पारूबाई विळा घेऊन समोर बांधावर गवत कापत होती, उभ्या उसाकडे पाठ करून, वाकून. पांढरा मोती साखळीवर झोपला होता. आमचा मोती उठला.

तो अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. शेपूट खाली, मानेवरचे केस उभे. त्याचं तोंड भुंकण्यासाठी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पोट आत ओढलं गेलं. आवाज नाही. आणि मग गळ्यातून शीळ निघाली. सत्काराच्या वेळची नव्हे. उंच, एकसुरी, न तुटणारी. कुत्र्याच्या अंगातून असा आवाज येऊ शकतो हे मला खरं वाटेना.

पारूबाई थबकली. वळून बघायच्या आधी ती सरळ झाली, कमरेत, पाठीत, पूर्ण उंच. विळा तिच्या हातून खाली पडला.

वारा नव्हता. उसाचे तुरे जागच्या जागी होते. त्यांतली एक रांग हलली. तिच्या पाठीमागे दहा-बारा पावलांवरून सुरू होऊन आत, अजून आत, आणि मग थांबली. बस, एवढंच. आम्ही काहीही पाहिलं नाही.

पांढरा त्यानंतर जागा होऊन भुंकायला लागला.

सिद्धार्थनं आईला धरून ओसरीवर आणलं. मग त्यानं माझ्या मांडीवरचा कागद उचलून घडी घातली.

"ताई, ऱ्हाऊ द्या आता ह्ये. ह्यो हितंच ऱ्हाईल. असली राखण कुठं मिळायची नाय."

"त्याला बांधता येणार नाही, सिद्धार्थ."

"नाय बांधत. मोकळा ठिवतो. माझ्याच हातानं झालंय, मला फेडू द्या की."

"इथं धूळ आहे, चुलीचा धूर आहे. आणि हा मोकळा राहिला अन् बिबट्या पुन्हा आला तर? आता मानेला पट्टाही नसणार."

त्यानं घडी घातलेला कागद खिशात टाकला. मालक तो, मी कोण? इतका वेळ ज्याचा उपयोग नाही म्हणून पेठला जायचं ठरलं होतं, तो आता उपयोगी ठरल्यामुळे मरणार, असं मला दिसायला लागलं होतं. सात वाजता पारूबाईनं पांढऱ्याची साखळी सोडली आणि त्याला घरात घेतलं. आमच्या मोतीलाही. सिद्धार्थ बघतच राहिला. या घरात कुत्रं उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नव्हतं. दाराला आडणा लागला. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी जागी होते, आणि दोन कुत्र्यांपैकी एकाच्याच श्वासाचा आवाज येत होता.

सकाळी पारूबाई बांधावर गेली, मीही गेले. विळा पडला होता तिथंच होता. भुसभुशीत मातीत त्याच्या मुठीला लागून पाऊल उमटलं होतं. मांजराचं, पण बशीएवढं. विळ्याभोवती ते एक वळण घेऊन गेलं होतं, जसं कुणी पडलेली वस्तू निरखून बघतं.

तिनं विळा उचलला, पदराला पुसला आणि अंगणात येऊन मुलासमोर हात पसरला. "कागद दे."

"आई, अगं..."

"कुत्रा माझा व्हता. सही माझी."

"पर त्यानं तुला वाचिवलं ना!"

"म्हणूनच. एकडाव दिला त्यानं आवाज. आता रोज मागायचा व्हय रं?"

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही तिनं केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर जमिनीत रोप लावावं तसं. मग मोतीजवळ खाली बसली आणि त्याच्या गळ्यावरचे गोल व्रण बोटानं चाचपले, एकामागून एक. मला म्हणाली, "नाव हितंच ऱ्हाऊ द्या, बाई. ते साखळीचं हाय. तिकडं दुसरं ठिवा."

पुन्हा पेठ

कांतीशेठना मी कागद दिला आणि नाव नसल्याचं सांगितलं. "असू दे की," ते म्हणाले. "आम्हीपण पोरांची नावं बारशालाच ठेवतो." मिठाचं पाणी कसं करायचं ते त्यांच्या बायकोनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग मीच चुकतेय असं सिद्ध केलं. कुत्रा वजनकाट्याशेजारी पोत्यावर जाऊन झोपला. मी निघाले तेव्हा त्यानं डोकं वर केलं नाही. मला थोडं वाईट वाटलं, जे वाटायला नको होतं.

ही हकिकत इथं संपायला हवी. परत येऊन महिना झाला. गेल्या आठवड्यात सिद्धार्थचा फोन आला. त्यानं पांढऱ्या मोतीसाठी लोखंडी गजांचं खुराडं केलंय; संध्याकाळी कुत्रा आत, कडी बाहेरून. आता वस्तीतल्या बाकीच्यांनाही तसली हवी आहेत. साखळी आईनं भंगारात टाकली. मी अभिनंदन केलं. तो घुटमळला.

"ताई, तुमचा कुत्रा पेठंलाच हाय ना?"

"हो. का?"

"काय नाय. उसातनं शीळ येती संध्याकाळची. आई म्हनती, तिकडं बगू नका, नुसतं उभं ऱ्हावा. शीळ आली का ती उठून उभी ऱ्हाती. मग जातंय."

उसाची पानं, धरणावरचा वारा, एखादा पक्षी: मी त्याला तीन कारणं दिली आणि ती सगळी चांगली होती. मग पेठला फोन लावला. विश्वास नसलेल्या गोष्टीची खात्री करून घ्यायला फोन लावावा लागतो, हे माझ्या बाबतीत नवीन होतं.

"आहे की, इथं काट्याशेजारीच आहे," कांतीशेठ म्हणाले. "मस्त आहे. दूध-भाकरी दोन वेळा. फक्त एक आहे ताई, संध्याकाळी साडेपाच-सहाला तो उठून उभा राहतो. दारात कुणी आलेलं नसतं. शीळ घालतो, आणि थोड्या वेळानं आपला आपण बसतो."

मी बरं म्हटलं, घरच्यांची चौकशी केली. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीतून उठलेली आहे, आणि खोलीच्या मधोमध सरळ उभी आहे.